कॅटिलिनाच्या शेजारची रिकामी बाकं

शाळेत इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: "सिसेरो भर सिनेटमध्ये कॅटिलिनावर आरोप करतोय, हे चेझारे माकारीचं चित्र मी वर्गात दाखवतो. एका विद्यार्थ्याने कुठेतरी वाचून सांगितलं, की त्या चित्रात सगळंच चुकीचं आहे. खरंच तसं आहे का? असेल तर मुलांना ते दाखवावं का?"

सर, दाखवाच. तुमचा विद्यार्थी बऱ्याच अंशी बरोबर आहे, त्याला शाबासकी द्या. पण ज्या चुका लोक मोजून दाखवतात त्या या चित्रातल्या किरकोळ चुका आहेत. मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती चित्रातल्या सर्वांत सुंदर भागात दडलेली आहे. मी गेली तीसेक वर्षं चित्ररचना शिकवते आणि या चित्राकडे दरवर्षी नव्या मुलांबरोबर परत येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रसंग सांगते: इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरो हा वक्ता रोमचा कॉन्सुल, म्हणजे दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, होता. सिनेटर कॅटिलिनाने सत्ता उलथवायचा कट रचलाय, असा आरोप तो त्याच्या तोंडावर करतोय. आता चित्र डोळ्यांसमोर आणू. डावीकडे पांढऱ्याशुभ्र टोगांमधले (टोगा म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र) सिनेटर अर्धवर्तुळाकार पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेत. त्यांच्यापुढे मोकळ्या फरशीवर सिसेरो उभा आहे, दोन्ही हात पसरलेले. नजर सिसेरोवरून उजवीकडे सरकते तेव्हा तिला वाटेत अडवणारं काहीच भेटत नाही, नुसती रिकामी बाकं. आणि त्या रिकामपणाच्या पलीकडे, अगदी पुढच्या कोपऱ्यात, कॅटिलिना. काळे केस, मान खाली, खांदे पुढे आलेले. त्याच्या आजूबाजूला एकही माणूस नाही.

माकारी १८४० मध्ये सिएनात जन्मला आणि १९१९ मध्ये रोममध्ये वारला. हे भित्तिचित्र रोमच्या पलाझ्झो मादामा या वाड्यात आहे. हा वाडा १८७१ पासून इटलीच्या सिनेटचा. तिथलं एक दालन माकारीने १८८२ ते १८८८ या काळात रंगवलं आणि आज ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. म्हणजे हे चित्र संग्रहालयासाठी केलेलं नाही, विक्रीसाठीही नाही. सिनेटरांनी जाता-येता पाहावं म्हणून सिनेटच्याच भिंतीवर काढलेलं सिनेटचं चित्र आहे ते. एवढं लक्षात ठेवलं की निम्म्या चुकांचा उलगडा आपोआप होतो.

जागेचंच घ्या. चित्र पाहून वाटतं, हे सिनेटचं नेहमीचं सभागृह. प्रत्यक्षात इ.स.पू. ६३ च्या नोव्हेंबरमधली ही बैठक ज्युपिटर स्टेटरच्या देवळात भरली होती, पॅलाटाइन टेकडीजवळ. सिसेरो भाषणाच्या पहिल्याच काही वाक्यांत सांगतो, की पॅलाटाइनवर रात्रीचा पहारा आहे आणि बैठकीसाठी ही सर्वांत सुरक्षित जागा निवडली आहे. देवळाभोवती 'इक्वितेस' या, सिनेटरांखालोखालच्या श्रीमंत वर्गातले नागरिक जमले होते, तेही तो बोट दाखवून सांगतो. बाहेर जमाव, आत तणाव, आणि देवळाच्या दारातून आवाज येतोय. माकारीच्या चित्रात ही बाहेरची गर्दी नाही. त्याची बैठक शांत, बंदिस्त, संगमरवरी आहे.

दुसरी गोष्ट अर्धवर्तुळाची. रोमन सिनेटर अर्धवर्तुळात बसत नसत. फोरममध्ये, म्हणजे रोमच्या प्राचीन चौकात, आज जी विटांची क्युरिया (सिनेटच्या सभागृहाची इमारत) दिसते, तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर तीन-तीन रुंद, बुटक्या पायऱ्या आहेत आणि मधून वाट आहे. ही इमारत प्रसंगानंतरच्या काळातली असली तरी समोरासमोर बसायची पद्धत त्यातून स्पष्ट कळते. पण माकारीला ती अशी पाहायला मिळालीच नव्हती. त्याच्या काळात त्या वास्तूत चर्च होतं, आतला रोमन भाग १९३० च्या दशकात मोकळा केला गेला. मग त्याने अर्धवर्तुळ आणलं कुठून? तो जिथे काम करत होता त्या पलाझ्झो मादामातलं सिनेटचं सभागृहच अर्धवर्तुळाकार आहे. युरोपात तेव्हा संसद म्हटलं की हाच आकार डोळ्यांपुढे येई.

तिसरी गोष्ट वयाची, आणि तुमच्या विद्यार्थ्याने बहुधा हीच सांगितली असेल. चित्रातला सिसेरो पिकल्या केसांचा वृद्ध आहे, कॅटिलिना तरणाबांड. प्रत्यक्षात सिसेरो त्या वेळी ४३ वर्षांचा होता आणि कॅटिलिना त्याच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठाच! सिनेटही म्हाताऱ्यांचं नव्हतं. हुकूमशहा सुल्लाने केलेल्या सुधारणांनंतर क्वेस्टर (खजिना सांभाळणारा कनिष्ठ अधिकारी) म्हणून निवडून आलं की सिनेटमध्ये जागा मिळे, आणि क्वेस्टर होण्याचं किमान वय होतं ३०. त्या सिनेटमधला केटो ३२ वर्षांचा, सीझर चाळिशीच्या आतला. संख्या सुमारे ६००. चित्रात दिसतात ते काही डझन, आणि त्यातले बहुतेक पांढऱ्या केसांचे. आता इटलीच्या राज्यातलं सिनेट पाहा. तिथे राजा सभासद नेमायचा, तहहयात, आणि सर्वसाधारण अट वयाच्या चाळिशीची. त्या दालनातून रोज जाणारी माणसं कशी दिसत असतील याचा अंदाज करा. माकारीने भिंतीवर जणू त्यांचेच पूर्वज बसवले.

इथपर्यंतच्या चुका मी मुलांना पाच मिनिटांत सांगून टाकते. खरा वेळ द्यायचा तो त्या रिकाम्या बाकांना.

एक प्रयोग करून बघा. चित्राची प्रिंट घ्या, शक्य तितकी मोठी. एक पोस्टकार्ड घेऊन कॅटिलिना आणि बाकीचे सिनेटर यांच्यामधली रिकामी जागा झाका. उरतं काय? एक वक्ता, त्याचे श्रोते आणि कोपऱ्यात वाकून बसलेला एक माणूस, ज्याला कदाचित बरं वाटत नसेल. चित्र एकदम सामान्य होतं. पोस्टकार्ड काढलं की पुन्हा अंगावर काटा येतो. म्हणजे चित्रातला आरोप सिसेरोच्या हातांत नाही, तो त्या मोकळ्या बाकांत आहे. रचना शिकवताना आम्ही 'अवकाश' हा शब्द इतक्यांदा वापरतो की तो गुळगुळीत होतो. इथे त्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो: काहीही न काढलेल्या जागेत चित्राचं सगळं वजन आहे. शिवाय छटांचा तोल बघा. डावीकडच्या पांढऱ्यावर पांढऱ्याचा ढीग नुसत्या हलक्या करड्या छटांनी वेगळा केलाय, कोणी एकटं उठून दिसत नाही, सगळे मिळून एक समूह होतात. आणि कॅटिलिनाचं काळं डोकं मात्र अख्ख्या भिंतीवर खिळ्यासारखं ठोकलेलं. समूह आणि एकटा माणूस यांच्यातला भेद माकारीने चेहऱ्यांवर सोपवला नाही, रंगावर सोपवला.

आता गंमत बघा. ज्या चित्रकाराने जागा चुकवली, आसनं चुकवली, वयं चुकवली, त्याने ही रिकामी बाकं मनाने रचलेली नाहीत. ती सिसेरोच्या भाषणात आहेत. पहिल्या भाषणाच्या मध्यावर सिसेरो कॅटिलिनाला विचारतो, तू आत आलास तेव्हा एवढ्या लोकांतून, तुझ्या इतक्या मित्रांतून आणि नातलगांतून, तुला कोणी अभिवादन तरी केलं का? तू येताच ती बाकं रिकामी झाली. तू बसताच माजी कॉन्सुलांनी बाकांचा तो सगळा भाग उघडा आणि ओस टाकला, ते तू कसं सोसतोस? माकारीने हे वाक्य शब्दशः रंगवलं आहे. आपल्याकडे ज्याला वाळीत टाकणं म्हणतात, अगदी तेच. पंगतीत एक जण येऊन बसावा आणि डावी-उजवीकडच्यांनी आपापले पाट उचलून दूर न्यावेत.

रोमन सिनेटमध्ये या उठून जाण्याला आणखी एक अर्थ होता आणि तो मला फार मोलाचा वाटतो. तिथे मतदान पायांनी होई. एखाद्याचं म्हणणं पटलं की सिनेटर उठून त्याच्या बाजूला जाऊन उभे राहत. 'पायांनी मताकडे जाणं' असाच लॅटिन वाक्प्रचार आहे. जागा ठरलेल्या नसत. तेव्हा कॅटिलिना बसताच शेजारचे उठले असतील, तर त्यांनी तोंडातून एक शब्द न काढता मत देऊन टाकलं. चर्चेआधीच निकाल. माकारीच्या अर्धवर्तुळात हा बारकावा अर्धा हरवतो, कारण त्याची बाकं दगडी आणि पक्की आहेत. पण रिकामेपण मात्र पोचतं.

खाली घातलेली मानही अशीच पुस्तकातून आली आहे, फक्त पुस्तक दुसरं. या कटाचा इतिहास सॅलस्ट या रोमन इतिहासकाराने घटनेनंतर साधारण वीस वर्षांनी लिहिला. तो सांगतो, सिसेरो बोलून खाली बसला, तेव्हा कॅटिलिना नजर खाली वळवून, विनवणीच्या आवाजात म्हणू लागला, की माझ्यासारख्या खानदानी कुळातल्या माणसाबद्दल लगेच काहीही खरं मानू नका. रोमचं रक्षण करायला बाहेरून आलेला हा सिसेरो हवा आणि मी बुडवायला निघालोय, असं कसं वाटतं तुम्हाला? मग सिनेटरांनी आरडाओरडा केला, त्याला देशाचा शत्रू म्हटलं, आणि कॅटिलिना संतापून, माझ्याभोवतीची आग मी सगळं जमीनदोस्त करून विझवीन असं बजावून, निघून गेला.

दोन्ही उतारे शेजारी ठेवले की माकारीचं कसब कळतं. बाकं रिकामी झाली ती कॅटिलिना आला तेव्हा. मान खाली गेली ती भाषण संपल्यावर. आणि सिसेरोचे हात पसरलेत ते भाषण चालू असताना. तीन वेगळे क्षण त्याने एका क्षणात बसवले. चित्रकाराला हे करावंच लागतं, त्याच्या हातात एकच क्षण असतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. सॅलस्टचा कॅटिलिना नजर खाली घालून *बोलतो* आहे, स्वतःचा बचाव करतो आहे. माकारीचा कॅटिलिना गप्प आहे. बोलणाऱ्या माणसाची खाली गेलेली नजर म्हणजे डावपेच असू शकतो, नाटक असू शकतं. आरोप होत असताना गप्प बसलेल्या माणसाची खाली गेलेली मान म्हणजे कबुली. एका हालचालीचा क्षण सरकवला आणि माणूस दोषी ठरला.

मी सुरुवातीला म्हटलं ती मोठी गोष्ट हीच. माकारीने प्रसंग रंगवलेला नाही, सिसेरोची साक्ष रंगवली आहे. ही साक्ष आपल्याकडे कोणत्या रूपात आली तेही पाहायला हवं. इ.स.पू. ६० मध्ये अ‍ॅटिकस या मित्राला लिहिलेल्या पत्रात सिसेरो आपल्या कॉन्सुलपदाच्या काळातली भाषणं एकत्र करत असल्याचं सांगतो. म्हणजे प्रसंगानंतर जवळजवळ तीन वर्षांनी. मधल्या काळात काय झालं होतं? ५ डिसेंबर ६३ ला सिसेरोने कटातल्या पाच जणांना खटला न चालवता ठार करवलं होतं, आणि त्यावरून त्याच्यावर टीकेची झोड उठली होती. पुढे ५८ मध्ये त्याला याच कारणावरून रोम सोडावं लागलं. अशा माणसाला आपण बरोबर होतो, सगळं सिनेट पहिल्यापासून आपल्या पाठीशी होतं, हे दाखवायची गरज किती असेल! सगळ्यांनी मिळून रिकामी केलेली बाकं याच दाव्याला नेमकी बळ देतात. चरित्रकार प्लुटार्कही कॅटिलिनाजवळ कोणी बसलं नाही असं सांगतो, पण तो दीडशेहून अधिक वर्षांनंतरचा. सॅलस्ट कॅटिलिनाचा मुळीच कैवारी नाही, त्याचा फिकुटलेला चेहरा आणि कधी भरभर कधी मंद पडणारी चालसुद्धा तो वर्णन करतो. पण या बैठकीच्या वर्णनात बाकांचा उल्लेख करत नाही.

मी बाकं रिकामी झालीच नाहीत असं म्हणत नाहीये. एवढ्या लोकांदेखत घडलेली गोष्ट सिसेरोने धादांत खोटी लिहिली असेल असं मला वाटत नाही. पण किती जण उठले? सगळे, की फक्त समोरच्या रांगेतले माजी कॉन्सुल? कोणी बसूनही राहिलं का? भाषणात याचं उत्तर सिसेरोच देतो आणि चित्रात माकारी त्यावर शिक्का मारतो. संगमरवराचा रंग, टोगाच्या चुण्या, सभागृहाचा आकार यातल्या चुका पुरातत्त्व दुरुस्त करू शकतं. ही गोष्ट कोणतंही उत्खनन दुरुस्त करणार नाही, म्हणून तिच्यावर बोट ठेवायला हवं.

माकारीने ती बाजू का उचलली, याचं उत्तर त्याच दालनातल्या बाकीच्या चित्रांत आहे. एका भिंतीवर आंधळा अ‍ॅपियस क्लॉडियस हात धरून सिनेटमध्ये आणला जातोय. रोमशी लढणाऱ्या पिऱ्हस राजाशी तह करू नका हे सांगायला तो आला आहे. एकीकडे सेनापती रेग्युलस दिलेल्या शब्दाखातर शत्रूच्या कार्थेज शहराकडे मरायला परत निघालाय. क्युरियस डेंटेटस सॅम्नाइटांनी आणलेली संपत्ती नाकारतोय. गॉल शहरात शिरलेत आणि म्हातारा पपीरियस आपल्या खुर्चीतून हलत नाही. चारही ठिकाणी शत्रू बाहेरचा आहे आणि रोमन माणूस ताठ आहे. पाचव्या चित्रात मात्र शत्रू आत बसलेला आहे, त्याच बाकांवर, त्याच टोगात. इटली एक होऊन तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती, रोम राजधानी होऊन दहा-बारा. नव्या देशाच्या सिनेटला आपल्या भिंतीवर घरभेद्याचं चित्र हवं होतं, आणि घरभेद्याला सभागृह कसं एकटं पाडतं तेही हवं होतं. तिथे कॅटिलिनाचा बचाव ऐकू येणं कोणालाच नको होतं.

तुलनेसाठी फ्रेंच चित्रकार जेरोमचं 'सीझरचा मृत्यू' जरूर दाखवा. ते १८६७ चं, बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे. तिथेही रिकामी आसनंच बोलतात. सीझरचं प्रेत खाली डाव्या कोपऱ्यात, मारेकरी पाठमोरे निघालेत, आणि जवळजवळ सगळं सभागृह पळून गेलंय. पण तिथला रिकामेपणा भीतीचा आहे, इथला बहिष्काराचा. दोन रिकाम्या सभागृहांतला फरक मुलं स्वतः ओळखतात, सांगावं लागत नाही. (याच जेरोमच्या १८७२ च्या ग्लॅडिएटरच्या चित्राने अंगठा खाली म्हणजे मृत्यू ही खूण जगभर रुजवली. रोमन कवी ज्युव्हेनलने फक्त 'वळवलेला अंगठा' म्हटलंय. कुठे वळवलेला, ते नाही. चित्रकाराने मोकळी जागा भरली की ती इतिहास होऊन बसते, त्याचं याहून सोपं उदाहरण माझ्याकडे नाही.)

वर्गात कसं घ्यावं, तर मी असं करते. प्रथम नाव न सांगता चित्र दाखवायचं आणि विचारायचं, यातला वाईट माणूस कोण? सगळे कॅटिलिनाकडे बोट दाखवतात. कशावरून? "कारण त्याच्याजवळ कोणी बसलं नाहीये." मग पोस्टकार्डाचा प्रयोग. मग सिसेरोचा तो उतारा मोठ्याने वाचायचा, आणि त्यानंतर सॅलस्टचा. दोन्ही मिळून पानभरही होत नाहीत. शेवटी एवढंच विचारायचं, की कॅटिलिना मान वर करून बोलू लागला असता तर माकारीला बाकं कुठे काढावी लागली असती? एका वर्षी एका मुलीने त्याचं रेखाटनच करून आणलं. तिने कॅटिलिनाला उभं केलं होतं आणि मागच्या रांगेत एक सिनेटर बसूनच ठेवला होता, अर्धवट उठलेला, बाकाला हात टेकून, जावं की थांबावं हे न ठरलेला. ते रेखाटन मी अजून जपून ठेवलंय.

आणि वेळ उरला तर फ्लॉरेन्सच्या आधुनिक कला संग्रहालयातलं अल्चिदे सेगोनीचं १८७१ चं चित्र दाखवा, माकारीने ही भिंत हाती घेण्याच्या अकरा वर्षं आधीचं. इ.स.पू. ६२ च्या सुरुवातीला इटलीतल्या पिस्तोरियाजवळच्या लढाईत कॅटिलिनाचा शेवट झाला. सॅलस्ट लिहितो, की तो आपल्या माणसांपासून लांब, शत्रूच्या प्रेतांमध्ये सापडला, किंचित श्वास चालू होता आणि चेहऱ्यावर जिवंतपणीचा तोच दुर्दम्यपणा होता. सेगोनीने तो क्षण रंगवला आहे: रणांगणावर कॅटिलिनाचा देह सापडतो तो. आजूबाजूला या वेळी गर्दी आहे, आणि सगळे त्याच्याचकडे बघतायत.